खाणं वाजता कामा नये

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे एक दुमजली घर आहे. त्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी सात-आठ माणसं गाणं ऐकायला जमतात. समोर गाणारं कुणी नसतं. एक जुना ॲम्प्लिफायर असतो, लाकडी पेट्यांमधले दोन स्पीकर असतात आणि सतरंजी असते. येणारे बहुतेक सगळे निवृत्त. मी सोडून.

नियम थोडेच आहेत. ज्याची पाळी असेल त्यानं ऐकायला काहीतरी आणायचं, ते का आणलं हे दोन वाक्यांत सांगायचं, आणि सगळ्यांसाठी खायलाही आणायचं. बशा मांडीवर घेऊनच गाणं ऐकतात. पण खाणं वाजता कामा नये. ते वाजलं की घरमालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, काहीही न बोलता एक बोट वर करतात आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लागतं. हा नियम एका कचोरीमुळे आला असं सांगतात. त्या दिवशी म्हणे एक विलंबित ख्याल अंतऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला थोडा संकोच वाटतो. आमचं घर त्याच गल्लीत, पुढच्या वळणावर आहे. संध्याकाळी फिरून येताना त्या खिडकीखाली माझा वेग आपोआप कमी व्हायचा. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी खाली वाकून सँडलचा पट्टा नीट करायचे. असे बरेच रविवार गेले. एके दिवशी वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अगं, कितीदा बांधशील तो पट्टा? वर ये ना वं!"

मी वर गेले आणि दाराजवळ बसले. तेव्हापासून तीच माझी जागा. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. अशी खोली मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. पण गेल्या हिवाळ्यात एका रविवारी चपला घालताना काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझी पाळी." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

आता अडचण सांगते. माझ्या फोनमध्ये गाण्यांचे दोन कप्पे आहेत. एक लोकांनी पाहिला तरी चालेल असा. त्यात राग आहेत, नावाजलेले गवई आहेत, सगळं व्यवस्थित. दुसरा माझा. त्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे: नरखेडकडच्या आमच्या गावातल्या भजनी मंडळाचं एक भजन. मंडळ माझ्या मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं. ते दिवसभर संत्र्याच्या बागेत असतात आणि सांजेला खंजिरी घेऊन देवळासमोर बसतात. मागे एकदा गावी गेलो असताना मी देवळाच्या पायरीवर बसून ते फोनवर टिपून घेतलं. फुटाण्यांचा प्रसाद वाटून झाला होता, कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप चालू होता, मधूनच एक मोटारसायकल जाते. मोठ्या बाबांचा आवाज वरच्या स्वराला थोडा फाटतो. तो फाटतो तिथेच मला ते भजन सगळ्यात जास्त आवडतं.

कॉलेजच्या बसमध्ये एका मैत्रिणीनं एकदा माझ्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. दोन क्षण ऐकून तिनं विचारलं, "कोण गेलं गं?" आमच्याकडे खंजिरी भजन बऱ्याच जणांनी फक्त तेरवीला, म्हणजे तेराव्यालाच ऐकलेलं असतं. तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. मी हसून "चुकून लागलं" म्हणाले. तेव्हापासून दोन कप्पे झाले.

आता काकांच्या खोलीत कुठला कप्पा उघडायचा? पहिला उघडला तर काही बिघडणार नव्हतं. दुसरा उघडला आणि तिथेही कुणी "कोण गेलं?" म्हणालं, तर मी पुन्हा खिडकीखाली सँडलचा पट्टा बांधत बसले असते. किंवा तेही नाही.

मी पहिल्या कप्प्यातला एक सुंदर यमन काढून ठेवला आणि रविवार मजेत घालवायचं ठरवलं.

सकाळी बाबांबरोबर तर्री पोहे खायला गेले. हा आमचा हिवाळ्यातला रिवाज. बाबा स्वेटरवर मफलर गुंडाळून स्कूटर काढतात आणि मी मागे बसते. जाताना आम्ही दोघंही बोलत नाही, कारण बोलणं माझ्याकडे नाही आणि बाबांच्या कानांवर मफलर असतो. पोहेवाल्याकडे थंडीतही गर्दी होती. पोह्यांवर लाल तर्री, तिच्यात बुडालेले हरभरे, वर चिवडा, कांदा. पण त्या आठवड्यात मला एक नवाच रोग लागला होता. कुठलंही खाणं समोर आलं की आधी त्याचा आवाज ऐकू यायचा. शेजारचे गृहस्थ भुरका मारत होते, तो खालून वर जाणारा. त्यांच्या मुलीचा चिवडा बारीक तुटत होता. बाबा हरभरे शांतपणे चावत, पण मध्येच तिखट लागून "स्स" करत.

"काय पाहून राहिली?" बाबांनी विचारलं.

"तर्री पोहे नेता आले असते तर."

"तिथं? अवं, भुरक्याबिगर तर्री खाल्ली जाते का? तुमचं गाणं आठ दिवस सुरूच नाही होत."

घरी आलो तर आईनं सांबाराच्या जुड्या निवडायला घेतल्या होत्या. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात आणि हिवाळ्यात तिच्या सांबारवड्या होतात. आईच्या सांबारवडीचं आमच्या नातेवाइकांत नाव आहे. पाळी माझी आहे हे कळल्यापासून तिनं तेच ठरवलं होतं.

"आई, त्या वाजतात."

"वाजतात म्हणजे?"

"कुरकुरीत असतात ना."

"मग? सांबारवडी कुरकुरीत नसंन तर ती खावी काहून?"

शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं. एक घाणा तळला. मी पुढच्या खोलीत डोळे मिटून बसले, बाबा स्वयंपाकघरात उभे राहिले.

"खा," आई म्हणाली.

शांतता.

"आला का आवाज?" आईनं मला विचारलं.

"नाही."

"येईन कसा? चावा म्हटलं तर चघळून राहिले हे!"

"तोंड भाजून राहिलं ना!" बाबांचा आवाज आला, आणि मग लगेच, अगदी स्पष्ट, वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा आवाज.

"आला," मी म्हणाले.

आईनं कढईखालचा गॅस बंद केला, पण हार मानली नाही. दोन डबे झाले. मोठ्या डब्यात पाटवड्या: बेसनाच्या, मऊ, वर खोबरं आणि थोडा सांबार. दुसऱ्या डब्यात सांबारवड्या. "गाणं झाल्यावर हे काढजो. बेसनाच्या गोळ्यावर लोकांची बोळवण केली असं नको व्हायले."

दुपारी भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी खाऊन मी गच्चीवर गेले. गावाहून एसटीनं आलेली संत्री होती, उन्हात चटई होती, आणि वाचनालयातून आणलेलं गाण्याविषयीचं एक जाड पुस्तक. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी मी वाचते, पण चालत वाचते, पळत नाही. वाटेतल्या शब्दांपाशी थांबावं लागतं. त्यामुळे इतरांचं एक पुस्तक संपतं तेवढ्यात माझं एक प्रकरण होतं, पण ते प्रकरण माझ्याजवळ राहतं. त्या दिवशी मला यमनबद्दल दोन वाक्यं हवी होती. पुस्तकाच्या लेखकाला यमनच्या एकट्या गंधारावर दीड पान लिहिता येत होतं. मी त्यातला "आसमंत" उचलून पाहिला, "व्याकूळ" उचलून पाहिला. दोन्ही शब्द दुसऱ्याच्या लग्नातल्या शालूसारखे वाटले. घडी करून परत ठेवून दिले.

संत्र्याच्या फोडी खात पडून राहिले. संत्रं हे जवळजवळ आवाज नसलेलं फळ आहे, साल ओढतानाचा एक हलका फर्र सोडला तर. खाली आई कढई घासत होती, शेजारच्या गच्चीवर कुणी गादी झोडपत होतं. मग मी इअरफोन लावले. दोन वाक्यं नीट बसवायची म्हणून यमन लावला. थोडा ऐकला. छान होता. नंतर बोट आपोआप दुसऱ्या कप्प्याकडे गेलं आणि मोठे बाबा गायला लागले. कामाच्या दिवशीही असंच होतं. शहराबाहेर वाडीला मी नोकरी करते त्या गोदामाच्या ऑफिसात जाताना बाहेर ट्रक ओरडत असतात आणि माझ्या कानात पंप चालू असतो. खंजिरी सुरू झाली की माझा खांदा मला न विचारता हलतो. गच्चीवर कुणी नव्हतं, म्हणून मी तो हलू दिला.

संध्याकाळी डबे जड म्हणून बाबांनी स्कूटरवरून सोडलं. "वर चला ना," मी म्हणाले, पण त्यांनी हात हलवला. "आपल्याले काय समजते त्यातलं? मी तळ्याकडून चक्कर मारून येतो."

वर सगळे जमले होते. काका वायरी जोडत होते. सर आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ टेकून. सर म्हणजे कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गाणं ऐकताना ते इतके निश्चल असतात की नवीन माणसाला काळजी वाटते. मी मोठा डबा काकूंना दिला आणि सांबारवड्यांचा डबा जागा नव्हती म्हणून सरांच्या शेजारी ठेवला. "हा नंतरसाठी," मी म्हणाले.

"काय आणलंस ऐकायला?" काकूंनी पाटवड्या वाढता वाढता विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आतच सर म्हणाले, "यमन असणार. पहिल्या पाळीला सगळे यमनच आणतात. सुरक्षित असतो."

"सर, तुम्हीही यमनच आणला होता," काका म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय."

सगळे हसले. हसण्यात काही वाकडं नव्हतं. पण मी भिडस्त असले तरी सरळ नाही. माझ्याविषयी कुणी आधीच ओळखून बसलं की मला आवडत नाही. माझ्या तोंडून निघालं, "यमन नाही आणला."

"मग?"

आता परत फिरायला रस्ता नव्हता. काकांनी वायरचं टोक पुढे केलं. मी फोन जोडला. दोन वाक्यं सांगायची होती, ती यमनची होती. मी म्हणाले, "हे आमच्या गावचं आहे." दुसरं वाक्य आलंच नाही. मी दाराजवळ जाऊन बसले.

पंप सुरू झाला. माझ्या कानात एवढासा असणारा पंप काकांच्या स्पीकरमधून सबंध खोलीभर झाला. मग पेटी, मग खंजिरी. मोठ्या बाबांनी पहिली ओळ घेतली, मंडळानं ती उचलली. मी बशीकडेच पाहत होते. कुणाचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात कुट्ट.

काकांचं बोट वर गेलं. गाणं थांबलं. मला वाटलं, आईच्या पाटवडीत डाळ राहिली. सगळ्यांनी आपापल्या बशा तपासल्या. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. पंप, पेटी, खंजिरी, पहिली ओळ, मंडळानं ती उचलली.

कुट्ट. कुट्ट.

बोट वर. या वेळी काकांनी गाणं थांबवून खोलीत सावकाश नजर फिरवली. ती सरांवर आली, मग सरांच्या शेजारच्या डब्यावर, मग पुन्हा सरांवर.

"मी नाही," सर म्हणाले.

"डबा तुमच्याजवळ आहे," काका म्हणाले.

"त्याचं झाकण लागलेलं आहे!"

"लावता येतं."

"अहो, मी मधुमेही माणूस, तळलेलं..." आणि मग सरांनी एक गोष्ट केली जी मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिली नसती. त्यांनी दातांच्या डॉक्टरपुढे करतात तसा मोठा आ करून दाखवला. काकूंनी चष्मा वर करून आत डोकावून पाहिलं. "रिकामं आहे," त्या म्हणाल्या.

गाणं परत लागलं. आता कुणीच खात नव्हतं. सगळे बशा खाली ठेवून, ओठ मिटून, एकमेकांवर लक्ष ठेवून बसले होते. पहिली ओळ आली, मंडळानं ती उचलली, आणि बरोबर त्याच जागी, त्या शांत, बंद तोंडांच्या खोलीत, कुट्ट कुट्ट.

काकांचं बोट वर जायला लागलं आणि अर्ध्यातच थांबलं. ते बोटाकडे पाहत होते.

तेव्हा मला कळलं. हे भजन मी इतक्या वेळा ऐकलं होतं की तो आवाज मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. पंप, मोटारसायकल, मोठ्या बाबांचा फाटणारा स्वर, तसाच तोही.

गाणं चालू असताना बोलायचं नाही हाही तिथला नियम आहे. मी बोलले.

"ते फुटाणे गाण्यातच आहेत."

काकांनी गाणं थांबवलं. "गाण्यात?"

"प्रसादाचे."

"एवढ्या जोरात? कोण खातंय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. फोन ज्याच्या हातात असतो त्याच्याच तोंडाजवळ तो असतो, हे त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नसता.

"मी," मी म्हणाले.

आधी काकू हसल्या. मग खोलीच हसली. सर इतके हसले की भिंतीचा आधार सुटून सतरंजीवर कलले. "मला तोंड उघडायला लावलं!" ते काकांना पुन्हा पुन्हा सांगत होते. "बत्तीशी दाखवली मी हिच्या फुटाण्यांसाठी!"

त्या हसण्यात कुणीतरी विचारलं की गाणारे कोण, आणि मी सांगितलं. मोठे बाबा. बाग. खंजिरी. देवळाची पायरी. तो वरचा स्वर जिथे फाटतो ती जागा पुढे येते आणि मला तीच आवडते, हेही सांगून गेले. दोनाहून बरीच जास्त वाक्यं झाली असतील. त्यांतलं एकही पुस्तकातलं नव्हतं.

काकांनी निकाल दिला: खोलीतलं खाणं वाजायचं नाही, गाण्यातलं वाजलं तर हरकत नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी मी वर पाहिलं. पंप सुरू झाला तसे सर पुन्हा निश्चल झाले होते. पहिली ओळ गेली, मंडळानं उचलली, आणि माझा फुटाणा फुटला तेव्हा सरांनी समेवर आल्यासारखी मान हलवली. पुढे मोठ्या बाबांचा आवाज चढला, फाटला. त्या वेळी सर हलले नाहीत. पण त्यांनी डोळे मिटले. "कोण गेलं?" असं कुणी विचारलं नाही. भजन संपून नुसता पंप उरला तरी काकांनी बटण बंद केलं नाही. पंपही पूर्ण ऐकला आम्ही.

मग काकू गॅलरीचा दिवा लावायला उठल्या आणि तिथूनच वाकून म्हणाल्या, "अहो भाऊ, कितीदा शोधाल ती किल्ली? वर या ना!"

मी खिडकीतून पाहिलं. खाली बाबा स्कूटरपाशी उभे होते, मी उभी राहायची अगदी त्याच जागी, आणि खिसे चाचपत होते. किल्ली स्कूटरलाच होती.

वर येऊन ते दारात, माझ्या शेजारी बसले. "काहून वं," हळूच म्हणाले, "दादाचं भजन पुन्हा पुन्हा लावून राहिले? मशीन बिघडली का?"

"मग सांगते," मी म्हणाले.

तोवर सरांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं होतं आणि मधुमेहाचं कुणी नाव काढू नये अशा वेगानं तो फिरवला होता. बाबांनी एक सांबारवडी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि सकाळची परीक्षा आठवून थांबले. खोलीभर नजर टाकत त्यांनी विचारलं, "आता वाजली तर चालते ना?"

उत्तर द्यायला कुणाचंच तोंड रिकामं नव्हतं.